पुजाऱ्याच्या उशाखालची किल्ली

धानोऱ्याच्या मिरची कारखान्यातलं वार्षिक मूल्यमापन एका वाक्यावाचून अडलं होतं. गोदामाची किल्ली हेमराजभाऊंकडे, आणि ते आठऐवजी नऊला येत. तोवर सिंधुबाई आणि बाकीच्या बाया थंडीत ओट्यावर बसून राहत. हे हेमराजभाऊंना सांगायचं होतं मॅनेजर नवनीतने, आणि त्याला तर कुणाची चूक तोंडावर सांगताच येत नसे.

मालक बन्सीलालशेठ मात्र फोनवर म्हणाले, "सोमवारपावत त्याले सांग. नहीं सुधारना तर किल्ली दुसराले देसू."

नवनीतने हेमराजभाऊंना केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, घरची खुशाली विचारली आणि "बाकी काम छान" म्हणून पाठवून दिलं.

तेवढ्यात गावात सप्ताह लागला. हेमराजभाऊ टाळकरी. कीर्तनात माणसाचं मन मऊ होतं, तिथे पडलेलं बोलणं थेट आत जातं, हा नवनीतचा अनुभव. तो सप्ताहाचे कीर्तनकार धीरजबुवांकडे गेला आणि किल्लीची अडचण सांगितली.

"नाव घेऊ का?" बुवांनी विचारलं.

"छे. ज्याचं त्याला कळेल."

त्या संध्याकाळी बुवांनी दृष्टान्त लावला. काकड्याची वेळ झालेली, भक्त बाहेर कुडकुडताहेत, देव आत उठून बसलाय आणि देवळाला कुलूप. किल्ली कुठे? तर पुजाऱ्याच्या उशाखाली. मंडळी हसली, मग गप्प झाली. मागे हेमराजभाऊंनी टाळ थांबवून उपरण्याने डोळे पुसले. नवनीतचा ऊर भरून आला. लागलं बरोबर.

सोमवारी तो उत्सुकतेने लवकर आला. फाटकातच वॉचमन दिवाल्या उभा.

"साहेब, बुवा मन्हाबद्दलच बोलनात ना? आते मी ड्युटीवर झोपाव नहीं."

मागून सिंधुबाई आल्या. "आम्हीन जेवननंतर जरा जास्तीच बसतस साहेब. बुवास्नी बरोबर धरं."

नऊला हेमराजभाऊ आले, हसतमुख.

"उशीर झाला भाऊ?"

"काय सांगू साहेब, रस्तामा जो भेटना त्याले बुवाना दृष्टान्त सांगत उनू. लोके ऐकतस, पन सुधरतस नहीं."

नवनीतच्या खिशात फोन वाजू लागला. शेठ. त्याने डोळे मिटले.

"भाऊ, तो पुजारी तुम्हीच. आठला यायचं असतं."

हेमराजभाऊंनी खिशातली किल्ली चाचपली.

"मी तं रोज नऊले येस. तुम्हीन दारमा हासीसन राम राम करतस. माले वाटनं, मन्ही वेळ नऊनीच शे."

"नाही. आठ."

"आठ तं आठ. इतलासाठे तुम्हीन बुवाकडे गयात?"

नवनीतने फोन उचलला. "सांगितलं, शेठ." किल्ली हेमराजभाऊंकडेच राहिली.

त्या रात्री नवनीत कित्येक दिवसांनी गाढ झोपला आणि मंगळवारी धावतपळत कारखान्यात शिरला. गोदाम उघडं, बाया कामाला लागलेल्या, दारात हेमराजभाऊ.

"साहेब, साडेआठ वाजी गयात. आपलं आठनं ठरेल शे."

एवढं बोलून ते टाळासारखी किल्ली वाजवत आत गेले.