डब्यातले बारा अकीक

सोमवारी मी पार्कात उन्हाळी मार्गदर्शक म्हणून रुजू होणार होते. त्याआधी आपला गुन्हेगारी भूतकाळ साफ करायचा, असं मी ठरवलं. ठरवलं होतं एवढंच. पुढचं सगळं सुपीरिअर सरोवराच्या पाण्यात गेलं, माझ्या घोट्यांसकट.

गुन्हा असा. मी पाच वर्षांची असल्यापासून सोळाची होईपर्यंत दर जूनमध्ये आई, बाबा आणि मी याच पार्कात, सतरा नंबरच्या जागेवर तंबू ठोकायचो. आणि दर वर्षी शेवटच्या सकाळी मला किनाऱ्यावर एक अकीक सापडायचा. तांबडा, पट्ट्यापट्ट्यांचा दगड, उन्हात धरला तर आतून पेटल्यासारखा. बाकीची पोरं नुसती गुडघे खरचटून परत जायची. ‘आमच्या ब्रिटाची नजर म्हणजे घारीची,’ असं आई शेजारच्या तंबूत जाऊन सांगून यायची. (मी ते इतकं मनावर घेतलं, की कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं.) बारा उन्हाळ्यांचे बारा अकीक कॉफीच्या रिकाम्या डब्यात जमले.

पार्कातला एक खडासुद्धा बाहेर न्यायचा नाही, हा नियम फाटकावरच लिहिलेला आहे. मला कोडं होतं ते आईचं. शाळेच्या ऑफिसात जन्म काढलेली ही बाई कॅफेत कागदी रुमाल जास्त आला तरी परत करायची. तिने मला बारा वर्षं चोरी कशी करू दिली? विचारायचं राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि त्या उन्हाळ्यांचं म्हणून माझ्याकडे उरलं ते एवढं डबडं. ते द्यायला जीव होत नव्हता. पण सोमवारपासून मीच लोकांना नियम सांगणार, तर आधी आपले हात स्वच्छ हवेत.

बाबांना मी हे गाडीत सांगितलं. ते म्हणाले, “तसं पाहिलं तर...”

मी म्हटलं, तसं पाहायचंच नाही. तुमच्या पिढीने तसं पाहत पाहतच पृथ्वीची वाट लावली. तिथपासून पार्कापर्यंत माझं व्याख्यान चाललं. आमच्या उत्तरेकडच्या पुरुषांना दुसऱ्याचं बोलणं तोडणं म्हणजे पाप वाटतं, आणि मी श्वास घ्यायला थांबत नाही. त्यामुळे बाबांचं ते वाक्य तिथेच राहिलं. तंबू ठोकताना त्यांनी ते पुन्हा काढलं. मी खुंट्या मागितल्या. कॉफी नितळ व्हावी म्हणून भुकटीत आईच्या पद्धतीने अख्खं अंडं, कवचासकट फोडताना त्यांनी ते तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा मी डबा घेऊन किनाऱ्याकडे निघाले होते.

ते मागोमाग आले. मी एकेक अकीक हातात घेतला, आईची मनात माफी मागितली आणि फेकला. (शाळेच्या सॉफ्टबॉल संघात मी चेंडू फेकणारी, पिचर होते. हे त्या वेळी कौतुकाचं वाटलं.) बारावा बुडाल्यावर माझे डोळे भरून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प झाले.

बाबांनी ती संधी साधली.

“तसं पाहिलं तर,” ते म्हणाले, “ते आर्लेनमामाच्या खडीच्या खाणीतले होते.”

“कोणते?”

“सगळे.”

मग ते सावकाश सांगत गेले. पहिल्या वर्षी मला काहीच सापडलं नाही, तेव्हा मी दोन तास भोकाड पसरलं. पोर रडतं ते बघवत नाही आणि नियमही मोडायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आईने साठ मैल गाडी हाकून मामाची खाण गाठली. तेव्हापासून दर वर्षी शेवटच्या सकाळी ती माझ्या आधी उठायची आणि मी चालणार त्या वाटेवर एक ठेवून यायची.

“दर वर्षी जरा अवघड जागी ठेवायची,” बाबा म्हणाले. “तुला कमीपणा नको म्हणून.”

“हे आधी सांगायचं नाही?”

“तू बोलत होतीस.”

मी बुटांसकट पाण्यात शिरले. जूनमध्येही आमच्या सरोवराचं पाणी बर्फाला लाजवतं. पाच मिनिटांत पाय आहेत की नाहीत, याची खाली बघून खात्री करावी लागत होती. बाबा काठाकाठाने शोधत होते. तळाशी लाखो दगड, ओले झाल्यावर सगळेच तांबडे. तासभर मी चाळले. तज्ज्ञाच्या नजरेने, मग पोरक्या नजरेने. एकही मिळाला नाही.

थरथरत बाहेर आले, तर माझ्या टोपीशेजारी, सपाट दगडाच्या कपारीत, एक अकीक होता.

“नजर अजून घारीची आहे,” बाबा सरोवराकडे बघत म्हणाले.

अकीक कोरडा होता. उबदार होता. त्याला बाबांच्या खोकल्याच्या गोळीचा कागद चिकटला होता.

सतराव्या वर्षी मी म्हटलं होतं, कॅम्पिंग म्हणजे म्हाताऱ्यांचे चाळे, मी येणार नाही. त्या वर्षीचा तो, बाबांनी सांगितलं. ते दोघेच इथे आले होते आणि आईने तो तसाच परत आणला होता. तेव्हापासून तो बाबांच्या खिशात होता.

तेवढ्यात मार्लिस आली. मार्लिस म्हणजे पार्काची प्रमुख, सोमवारपासूनची माझी साहेबीण. तिने माझ्या मुठीकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं.

“तीस वर्षांत मी ज्यांना ज्यांना पकडलं,” ती म्हणाली, “त्या सगळ्यांच्या गोष्टीत एक आई होती.”

मी तोंड उघडलं. मग मिटलं आणि बाबांकडे पाहिलं.

“तसं पाहिलं तर,” बाबांनी सुरुवात केली. वाक्य पुरं व्हायला दहा मिनिटं लागली. त्यात मामाच्या खाणीचा रस्ताही आला. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. शेवटी मार्लिसने नाक पुसलं, अकीक माझ्या खिशात घालायला लावला, आणि बाहेरचे बारा दगड पार्कात टाकल्याबद्दल मला चांगलं झापलं. शिक्षा म्हणून सोमवारचा मुलांचा तास दिला. विषय: जागचा दगड जागी.

तास बरा झाला. शेवटी पाचेक वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. तुम्हाला इथे कधी अकीक सापडला का?

खिशातला दगड मुठीत धरून मी खरं ते सांगितलं. बारा उन्हाळे शोधला. एकही नाही.

तिला माझी फार दया आली. “मला सकाळपासून तीन दिसले,” ती म्हणाली. “मी परत ठेवले. तुम्हाला दाखवू का?”