वर चला, वर बोलू

रायाजी जासूद कोणाच्याही दारात पाऊल ठेवत नसे. बोळाच्या तोंडाशी उभा राहून हाक मारी, आणि आपण बाहेर आलो की एकच बोलणं, "वर चला, वर बोलू."

वर म्हणजे वेताळाच्या टेकडीवर. सिंहगडापुढे तिला कोणी पाणी विचारणार नाही, पण रायाजीला तिचं भारी कौतुक. "वारा बघा, करवंदं बघा. शिवाय वर किल्लेदार नाही, कोणी हटकत नाही." जन्मभर सरकारी निरोप घेऊन धावलेला गडी. आता चाकरी सुटली, तरी पाय स्वस्थ बसेनात. पुतणीचं लग्नही त्याने टेकडीवरच ठरवलं. व्याह्याला असा दम लागला की मानपानाच्या अटी त्याच्या तोंडून निघाल्याच नाहीत.

मी सुपारीचा दुकानदार, पोट सुटलेला. चढ म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या वर्षी मात्र मी रोज निमूट चढत होतो. धाकटा भाऊ विसाजी उत्तरेच्या मोहिमेवर होता. पावसाआधी बाकीची पथकं परतली, त्याचं आलं नाही. दुकानात मन लागेना, घरी आईचं तोंड बघवेना. वरून निदान खडकीकडची, उत्तरेहून येणारी वाट दिसे.

एकदा वैतागून म्हणालो, "अहो रायाजी, घरी येऊन बोललात तर काय भिंत पडेल?"

त्याने वाटेवरची नजर काढली नाही. "वाईट सांगावे माझ्याच वाट्याला फार आले, शेट. मी बोळात शिरलो की बायका दारं लावून घ्यायच्या. अजून नुसता गेलो तरी कड्या लागल्याचा आवाज येतो."

मी धोतर झटकून उठलो.

कार्तिकात माझा पाय मुरगळला, म्हणून घरीच होतो. आई दारात तांदूळ पाखडत होती. बोळाच्या तोंडाशी रायाजी दिसला, आणि तो थांबला नाही, धावत आमच्याच दाराकडे निघाला. आईच्या हातून सूप पडलं.

"खुशाल आहे, वहिनी, खुशाल आहे!" म्हातारा धापा टाकत ओरडत होता. "पथक वरून दिसलं. खाली जाऊन विसाजीला डोळ्यांनी बघून आलो."

गोड सांगावा आणणाऱ्याच्या तोंडात साखर घालायची रीत. आई रडत रडत डबा घेऊन आली. रायाजी उंबऱ्याबाहेरच उभा.

"पाय धुळीचे आहेत," तो म्हणाला.

"असू देत. आत या."

तो आत आला, बसला. आईने साखर भरवली. कधी नव्हे ते त्याचे पाय स्वस्थ होते.

"दार लावलं नाहीत हो, वहिनी," म्हणाला, आणि तोंडातली साखर तशीच धरून म्हातारा रडायला लागला.