दत्तोपंतांचं टोपडं

दत्तोपंत नव्या गावी बदलून आले की आधी टोपडं टाकत.

बिऱ्हाड लावणं मागाहून, खाणावळ ठरवणं मागाहून. पहिल्या बाजारच्या दिवशी गर्दी भरात आली, की काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेला हा पंचेचाळिशीचा अव्वल कारकून भाजीच्या ओळीतून चालत जाई आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून खिशातून तीन वर्षांच्या मुलीचं लाल टोपडं हळूच खाली सोडी. मग मागे न बघता निघे, तो थेट दोन दिवसांच्या फिरतीवर.

टोपड्याच्या आत एक चिंधी शिवलेली असे आणि तिच्यावर दोऱ्यानं काढलेली अक्षरं असत: ‘यमू. कचेरीमागं.’ हुद्दा नाही, आडनाव नाही.

“हुद्दा वाचला की लोक धावत येतात,” दत्तोपंत मला म्हणाले होते. “ते येणं खरं नव्हे. सबब हुद्दा गाळला.”

‘सबब’ हा त्यांचा लाडका शब्द. सरकारी कागदात तो शोभतो. दत्तोपंत तो पानावरही वापरीत. “आमटीत मीठ नाही, सबब लोणचं वाढा.”

ते शेवगावच्या कचेरीत आले तेव्हा जर्मनीची लढाई सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. मी तिथे त्यांच्या हाताखाली होतो. कचेरीमागच्या एकाच घरात आमची दोन बिऱ्हाडं होती, मधे ओसरी. माझ्याकडे बायको आणि चार पोरं. त्यांच्याकडे एक ट्रंक, एक स्टो आणि दौऱ्यावर न्यायची वळकटी. त्यांची पत्नी आणि एकुलती एक मुलगी यमू सहा वर्षांपासून संगमनेरला मेव्हण्याकडे राहत होत्या. दत्तोपंतांचा नेम असा, की पोर वाढवायच्या लायकीचं गाव मिळाल्याशिवाय कुटुंब आणायचं नाही. गाव लायक आहे की नाही हे टोपडं ठरवी. ते परत आलं तर गाव पास, नाही आलं तर बदलीचा अर्ज. एका गावाला एकच टोपडं.

हे सगळं त्यांच्या वहीत होतं आणि वही ते कोणालाही वाचू देत. श्रीगोंद्याला टोपडं तीन दिवस रस्त्यात पडून राहिलं, चौथ्या दिवशी शेळीनं खाल्लं. ‘सबब नापास.’ राहुरीला ते परत आलं, पण एका पुढाऱ्याच्या हस्ते आणि सोबत जमिनीचा अर्ज. शेरा: ‘टोपडं आलं नाही, काम आलं.’ नेवाशाला कोणीतरी ते देवळाजवळच्या झाडाला टांगलं. आठ दिवसांत त्या फांदीला आणखी टोपडी लटकू लागली आणि मूल होत नसलेल्या बायका नवस बोलू लागल्या. दत्तोपंत स्वतःच तिथे गेले, तर पुजाऱ्यानं त्यांना टोपड्याचं माहात्म्य सांगितलं. आणखी एका गावी, त्याचं नाव सांगत नाही, ते चौकीत जमा झालं. त्यांना तीनदा जबाब द्यावा लागला आणि शेवटी टोपडं मिळालं नाही ते नाहीच.

दर बदलीला नवं टोपडं लागे. ते संगमनेरहून पोस्टानं येई, त्याच मापाचं. कचेरीत आम्ही पोट धरधरून हसायचो. पोस्टमन पुडकं घेऊन आला की पट्टेवालाही विचारी, “टोपडं आलं जनू?”

गाव पोरं वाढवायला चांगलं कशानं, यावर चहाच्या वेळी वाद रंगत. साखर कंट्रोलची, म्हणून चहा गुळाचा. पण वाद कडक. हेडमास्तर म्हणत, इंग्रजी शाळा हवी. डॉक्टर म्हणत, कोरडी हवा. आमच्याकडे रोज पेपर वाचायला येणारे पेन्शनर नाना काठी आपटून म्हणत, “हवा काय चाटायचीय? आजूबाजूला आपली वस्ती पाहिजे. आपली माणसं!” मी कोणाच्या अध्यात-मध्यात नसे, साहेब असतील तर साहेबांचं खरं म्हणे.

दत्तोपंत बशी खाली ठेवत. “शाळा बदलता येते. हवा सगळ्यांनाच फुकट. आपली माणसं आपापल्या घरात असतात. हरवलेलं पोर दिवस मावळायच्या आत घरी आणतं, ते गाव. सबब बाकी सगळं वरखर्चात.”

“पण पंत,” डॉक्टर म्हणाले, “पोर हरवेलच कशाला?”

दत्तोपंतांनी बशी पुन्हा उचलली. बशीतला चहा गार झाला, तरी प्यायले नाहीत.

शेवगाव का कोण जाणे, त्यांच्या मनात भरलं होतं. टोपडं टाकायच्या आधीच त्यांनी आढ्याला झोपाळ्याच्या कड्या बसवून घेतल्या. भिंतीत परकर अडकवायला एक खुंटी ठोकली, जमिनीपासून हातभर उंचीवर.

“पंत, ही कोणासाठी?” मी विचारलं.

“यमूसाठी.”

“यमू नऊ वर्षांची ना?”

ते खुंटीकडे बघत राहिले. मग ती उपटली आणि दोन वीत वर ठोकली. जुनं भोक त्यांनी चुन्यानं बुजवलं, अगदी निगुतीनं.

आता माझं सांगतो. आजवर कोणाला सांगितलं नाही असं नाही. पण लिहून काढल्याशिवाय ते अंगावरून उतरणार नाही.

दत्तोपंत बदलून गेले असते, तर अव्वल कारकुनाची जागा मला मिळणार होती. गाव पास झालं, तर ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहणार होते. एवढंच.

बाजारच्या दिवशी त्यांनी टोपडं टाकलं आणि बैलगाडीनं फिरतीवर गेले. पाऊण तास झाला असेल. ओसरीवर धापा टाकत एक म्हातारी उभी राहिली. बाजारात पेरू विकायला बसणारी रसूलबी. हातात लाल टोपडं. मागं पाच-सहा माणसं, त्यांत एक माळीण, एक चांभार.

“कचेरीमागं म्हंजी हितंच ना? मास्तरच्या पोराकडनं वाचून घेतलं. यमू तुमची का भाऊसाब?”

माझ्या तोंडून “हो” गेलं. कसं गेलं ते देव जाणे.

“घरला आली का पोर?”

“आली… आली.”

“आली गं बाई!” रसूलबीनं मागं वळून हाळी दिली. मग माझ्यावर घसरली. “आवो, लाज हाय का काय? सगळा बाजार उठवला आमी. आडात डोकावून आलो, गाड्यांखाली बघितलं. माझं पेरू गाढवानं खाल्लं! अन् ते काठीवालं म्हातारं, पेन्शनर, त्यानं टोपडं काठीनं बाजूला सारलं अन् गेलं पुढं. पोराला असं सोडत्यात व्हय?”

“चुकलं, मावशी,” मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खरं.

ती गेल्यावर टोपडं उलटून पाहिलं. या वेळची अक्षरं वाकडीतिकडी होती, य पोटफुगा आणि म लंगडा. पोरीनं स्वतः काढलेली. मी ते माझ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. दोन दिवसांनी दत्तोपंत आले. उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, “काही आलं?”

“नाही.”

त्यांनी पायही न धुता वही काढली. ‘शेवगाव’ लिहिलं. पुढचं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. महिन्याभरात त्यांची जामखेडला बदली झाली. जागा मला मिळाली, त्यांची खोलीही मिळाली. झोपाळ्यावर माझी पोरं बसू लागली.

आणि पेरू येऊ लागले. दर बाजारी रसूलबी मला हाक मारी. “भाऊसाब! लेक बरी हाय?” हंगाम असला की एक निवडलेला पेरू हातात ठेवी. “यमूला द्या. तिच्या नावानं काढून ठिवलाय.” पहिल्यांदा मी नको म्हणालो. ती म्हणाली, “तुमाला न्हाई देत. पोरीला देती.” चार वर्षं तो पेरू मी घरी नेला, माझ्या पोरांनी चार फोडी करून खाल्ला. मी एकदाही खाल्ला नाही. यात पुण्य काही नाही.

लढाई संपून वर्ष उलटलं आणि दत्तोपंतांचं पत्र आलं. यमूला चौदावं सरलं होतं, लग्न ठरलं होतं. लग्न मेव्हण्याच्या दारात, संगमनेरला. जामखेडही नापास झालं होतं.

नगरला कलेक्टर कचेरीत आम्हा दोघांनाही काम होतं. आवारातल्या कडुलिंबाखाली मी त्यांना सगळं सांगितलं. पेरूसुद्धा. टोपडं बरोबर नेलं होतं, ते पुढे ठेवलं.

त्यांनी विचारलं, “किती वेळात?”

“पाऊण तासात.”

“नुसतं टोपडं आणलं, की मूल शोधलं?”

“आधी मूल शोधलं. आडात, गाड्यांखाली. मग टोपडं आणलं.”

‘गाड्यांखाली’ म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

“जत्रेत माझ्या हातातून सुटली होती ती,” ते म्हणाले. “तीन वर्षांची. सकाळी नवाला. सापडली दिवेलागणीला, एका गाडीखाली. रडून आवाज गेलेला. दिवसभर शेजारून हजार माणसं गेली असतील हो. एकानं वाकून बघितलं नाही. सबब…”

टोपडं त्यांनी मुठीवर चढवून पाहिलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “नऊ ते तेरा. त्या वयातली यमू मी बघितलीच नाही.”

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. त्यांनी मला माफ केलं असं मी कधीच म्हणणार नाही; त्यांनीही तसं म्हटलेलं नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं, “त्या बाईला खरं सांगितलंत?”

“नाही.”

“तिला यमू दाखवायला हवी. ती शोधत होती.”

पुढच्या बाजारी ते मोटारीनं शेवगावला आले. बरोबर यमू. शेलाटी, सावळी, नवी साडी सावरत चालणारी. दत्तोपंतांनी तिचं मनगट घट्ट धरलेलं, लहान मुलीचं धरावं तसं, आणि लग्न ठरलेली ती मुलगी चारचौघांत ओशाळत होती, पण हात सोडवून घेत नव्हती.

मी रसूलबीपुढे उभा राहिलो. “मावशी, ही यमू. लेक माझी नव्हे, ह्यांची. मी खोटं बोललो होतो. आणि ते पेरू…”

रसूलबीला माझ्याशी कर्तव्य नव्हतं. ती डोळ्यांवर हात धरून यमूला न्याहाळत होती. “हीच व्हय? आगं, चार वरसं पेरू धाडलं, तरी काडीच! पोचत हुतं का गं तुला, का ह्यो भाऊसाबच खात हुता?”

यमूनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी मान खाली घातली.

“पोचत होते, मावशी,” यमू म्हणाली. “गोड होते.”

रसूलबी खूश होऊन हसली. “वटी कर.” पेरू घ्यायला यमूला दोन्ही हातांनी पदर धरावा लागला. दत्तोपंतांनी मनगट सोडलं.

पलीकडे बांगड्यांचं दुकान लागलं होतं. यमू पदर सांभाळत तिकडे निघाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. दत्तोपंत एक पाऊल पुढे गेले, थांबले, टाचा उंचावून बघू लागले. त्यांचा रिकामा हात तसाच अर्धा वर राहिला होता.

“दादा, बसा की,” रसूलबीनं पेरूंच्या शेजारचं पोतं झटकून सारलं. “येईल. न्हाई आली तर आमी आनून सोडू.”

दत्तोपंत पोत्यावर बसले.