चावी नंतर

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणी जुनी गाडी विकायला काढली, की मालकाच्या आधी गजभिये साहेब तयार होतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि गाडीची चावी त्यांच्या चष्म्याच्या डबीत बंद. डबी मांडीवर. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी उत्तर दोन शब्दांचं. "चावी नंतर."

कशाच्या नंतर? तर पैसे खात्यात आल्यावर, आणि मालकानं बँकेत जाऊन पासबुकावर ते छापून आणल्यावर. छापायचं यंत्र बंद असेल तर व्यवहार उद्या. मोबाइलवरचा मेसेज साहेबांना चालत नाही.

मध्यंतरी खराडीहून आलेल्या एका इंजिनिअरनं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पुढे केला. साहेबांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"छान आलाय. फ्रेम करून घ्या."

"अहो काका, माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना. म्हणून तर चहा दिला. चावी नंतर."

साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. तीस वर्षं पुण्यात सरकारी नोकरी झाली, त्यामुळे टोमणा इथला. मनाला लागलं की मात्र 'का'च्या जागी 'काहून' येतं, तिकडचं. सोसायटी त्यांना हसते. हसणाऱ्यांना ते शांतपणे कारण सांगतात, "मी फसलोय एकदा. स्वतःच्या हातानं चावी दिली."

हे खोटं आहे. चावी मी दिली होती.

चार वर्षांपूर्वी साहेबांच्या पत्नी, सुमनवहिनी, दवाखान्यात होत्या. ऑपरेशनसाठी साहेबांना त्यांची गाडी विकायची होती. साहेब त्यांच्या उशाशी, म्हणून सह्या केलेले कागद आणि चावी त्यांनी माझ्याकडे, शेजाऱ्याकडे दिली. गिऱ्हाईक गोड बोलणारं होतं. त्यानं मोबाइलवरची हिरवी खूण दाखवली. "सर्व्हर स्लो आहे सर, अर्ध्या तासात पोचतील." मला शंका आली होती. पण चांगल्या कपड्यातल्या माणसाला तोंडावर 'थांबा' कसं म्हणायचं? मी संकोचलो आणि चावी दिली.

पैसे आले नाहीत. माणूस आणि गाडी, दोन्ही पुन्हा दिसले नाहीत. ऑपरेशन आठ दिवस लांबलं. महिन्याभरात वहिनी गेल्या. आठ दिवसांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी अजून रोज स्वतःला ऐकवतो.

साहेबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. उलट चूक स्वतःच्या नावावर घेऊन टाकली, आणि मी ती घेऊ दिली.

गेल्या आठवड्यात मी माझी गाडी विकली. साहेब डबी घेऊन हजर. पासबुक छापून आणलं, चावी गेली. निघताना गिऱ्हाइकानं विचारलं, "एवढी काळजी कशाला हो, काका?"

"मी फसलोय एकदा," साहेबांनी सुरुवात केली.

"साहेब नाही. मी," मी म्हणालो. सेक्रेटरी तिथेच उभे होते. त्यांच्यादेखत सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं होतं, साहेबांना हलकं वाटेल. सगळे पांगले तरी ते रिकामी डबी उघडमीट करत बसले होते.

"काहून सांगितलं?"

"चूक माझी होती, साहेब."

"ते मला ठाऊक नाही का? सुमननं बजावलं होतं, शेजाऱ्यांचं नाव कुठे घेऊ नका. भिडस्त माणूस आहे, मनाला लावून घेईल." त्यांनी डबी खिशात टाकली. "तिचं म्हणून तेवढं एकच काम उरलं होतं माझ्याकडे."