स्मरणार्थ चालणारा पंप

एखादी वस्तू चालते की नाही, यापेक्षा ती कोणाच्या स्मरणार्थ चालते, याला समाजात जास्त महत्त्व आहे. बहादरपुरच्या भाईदास पाटलांकडे हे तत्त्व ताटवाट्यांपासून कूलरपर्यंत अमलात आलेलं आहे. घरातल्या शंभर टक्के भांड्यांवर त्यांच्या वडिलांचं, कै. लोटू पाटलांचं, नाव कोरलेलं आहे. (उलथन्याच्या दांड्यावर जागा पुरली नाही, म्हणून तिथे नुसतंच 'कै.' आहे.)

तेव्हा सुनेनं, तृप्तीनं, पंप आपोआप सुरू करणारं यंत्र बनवल्यावर नावाचा प्रश्न निघणारच होता.

शेतातली लाईट केव्हा येईल हे लाईटवाल्यांनाही ठाऊक नसतं, आणि मे महिन्यात केळीच्या कोवळ्या रोपांचं पाणी चुकलं, की ती माना टाकतात. म्हणून तृप्ती दिवसभर पंपाच्या बटणापाशी बसून असे. त्यापायी तिचं जसोंडीला माहेरी जाणं सारखं लांबत होतं. आता तर धाकट्या बहिणीची हळद तोंडावर आली होती. मोबाइलवर बघून बघून तिनं एक मायक्रोकंट्रोलर (म्हणजे हुकूम सोडणारी चिप) आणवला आणि भोकाभोकांच्या ब्रेडबोर्डवर वायरी खोचून यंत्र उभं केलं. लाईट आली, की ते पंप लावी. मिठाईच्या डब्यात बसून ते बिनतक्रार चाले. साहजिकच ते कोणालाही पसंत पडलं नाही.

"पाहुण्यांना काय दाखवायचं, शेवया?" भाईदासनाना म्हणाले.

पक्का बोर्ड छापून घ्यायचं ठरलं. नकाशा दीर पंकजनं काढला. (बुधवाऱ्याच्या बाजारात मोबाइलचं दुकान असल्यामुळे तो घरातला इंजिनिअर.) पण नाव मावेना. 'कै. लोटू पाटील' बसे, 'यांच्या स्मरणार्थ' बाहेर लटके.

"वहिनी, हे दोन बारके कपॅसिटर काहून पाहिजे? बेकार जागा खाऊन राहिले."

"राहू द्या भाऊ, क्रिस्टलला लागतात ते."

पंकजनं दोन्ही ब्रेडबोर्डवरून उपटले. यंत्र चालतच राहिलं.

"देखो!" पंकज म्हणाला. याला शास्त्रीय पुरावा म्हणतात.

बोर्ड आला. हिरवागार, सोनेरी अक्षरांचा. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, लाईटही आली. पंप तेवढा लागला नाही.

मग रीतसर तपासणी झाली. पंकजनं फुंकर मारली. नानांनी दोन थापा दिल्या. सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, मीठ-मिरच्या ओवाळल्या. शेवटी तृप्तीनं मीटर लावून एकेक टाका तपासला. सगळं बरोबर. तपासता तपासता तिचं बोट क्रिस्टलला लागलं आणि पंप घरघरला. बोट काढलं, बंद.

तिच्या लक्षात आलं. चिपचा ठोका धरणाऱ्या क्रिस्टलला किंचित आधार लागतो, तो ते बारके कपॅसिटर देतात. ते काढल्यावर ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या तो गुपचूप देत होत्या. आता बोट देत होतं.

"नाना, दोन कपॅसिटर नावावर बसवते. झालं काम."

"बाबांच्या नावावर डाग? बिलकुल नाही! चालू तर आहे ना? बोट ठेवून बसत जा."

अशा रीतीने स्वयंचलित पंपाला एक बोट मंजूर झालं, तृप्तीचं. पूर्वी ती बटणापाशी बसे, आता बोर्डापाशी. प्रगती म्हणतात ती हीच.

हळदीच्या दिवशी सकाळी तिनं बोर्डाचे स्क्रू काढले, दोन्ही कपॅसिटर मागच्या बाजूनं सोल्डर केले आणि बोर्ड होता तसा लावला.

"नाना, मागून दुरुस्त केलंय. बोट लागत नाही आता. मी निघते."

नानांनी बोर्ड निरखला. "समोरून तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्यांनी स्वतःच बोट ठेवलं.

लाईट आली. पंप लागला. रोपांना पोटभर पाणी मिळालं. संध्याकाळी जसोंडीला फोन गेला. "पोरी, मी होतो म्हणून निभलं! जेवलोसुद्धा डाव्या हातानं!"

पलीकडे सनई वाजत होती. हळदीनं माखलेल्या हातात फोन सांभाळत तृप्ती म्हणाली, "तुमच्यामुळेच, नाना. दमला असाल तर बोट बदला."

तुम्ही हसलात, ठीक आहे. पण घर, दुकान, कचेरी, सोसायटी, जे काही आपल्यामुळेच चाललंय म्हणून तुम्ही बोट ठेवून बसला आहात, तिथून ते क्षणभर उचलून बघा. (होत नाही ना हिंमत? नानांचीही झाली नाही.)