तिकडं म्हणजे कुठं?

एका जंगलात, म्हणजे जिथं पूर्वी जंगल होतं आणि आता सोसायट्या झाल्यात तिथं, एक नामांकित विद्यालय होतं. फाटकाला लागूनच विद्यालयाचा एक छोटा दवाखाना होता. त्यात साळुंकी नावाची सिस्टर काम करायची.

तर बाळांनो, त्या वर्षी सिस्टरकडं अकरावी-बारावीची पोरं यायला लागली. एकेकटी, मान खाली घालून, आणि फार उशिरा. कुणाला परमा, कुणाला गरमी, दोन्ही शरीरसंबंधातून लागणारे रोग. वेळेवर आलं तर औषध थोड्या दिवसांचं. पण पोरं सहा-सहा महिने अंगावर काढायची.

"आधी का नाही आलीस गं?" सिस्टरनं एका हरिणीला विचारलं.

"असं काही असतं, हेच माहीत नव्हतं," हरिणी म्हणाली.

सिस्टरला त्या दिवशी डबा गेला नाही. तशीच उठली आणि विद्यालयात गेली. "मला एक तास द्या. मुलांशी बोलते."

संस्थेचे अध्यक्ष होते गवेसाहेब. ते म्हणाले, "द्या की व्याख्यान! आरोग्याला आमचा पाठिंबाच आहे. फक्त अवयवाचं नाव नको."

मुख्याध्यापक बगळेसर एका पायावर उभे होते. "रोगाचंही नको. संस्थेची बदनामी होते."

"आणि कंडोमचं?"

बगळेसरांनी घाईघाईनं पाय बदलला.

"मग बोलू तरी काय?"

"बाकीचं सगळं बोला की," गवेसाहेब म्हणाले. "आपली भाषा केवढी समृद्ध आहे! 'ते' म्हणा, 'तिथं' म्हणा. समजायचं त्याला बरोबर समजतं."

काहीच न बोलण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून सिस्टर वर्गात उभी राहिली.

शेवटच्या बाकावर भेकरांचा शौर्य होता. नाव शौर्य, पण पान वाजलं तरी दचकायचा. आज तो अवघडून बसला होता. सारखा लघवीला जात होता आणि येताना डोळे पुसत होता. सिस्टरनं ओळखलं. आजचा तास याच्यासाठीच, असं तिनं मनाशी धरलं.

"मुलांनो, ते करायची घाई नको. आणि ते करताना ते वापरलं नाही, तर तिथं ते होतं. झालं तर लाजू नका. लगेच तिकडं या."

शौर्यनं सगळं वहीत उतरवून घेतलं. पुन्हा एकदा वाचलं. मग कधी नव्हे तो हात वर केला.

"सिस्टर, तिकडं म्हणजे कुठं?"

"अरे, दवा—"

बगळेसर मोठ्यांदा खोकले. "आपल्या विद्यार्थ्यांना तिकडची गरज पडत नाही. बस खाली."

शौर्य खाली बसला. गवेसाहेब आभार मानायला उठले. "किती सभ्य व्याख्यान! कुणाला काही म्हणजे काही कळलं नाही!"

शाळा सुटली. शौर्य दवाखान्यावरूनच गेला. तिथं गुडघ्याला टिंक्चर लावतात, एवढंच त्याला माहीत होतं. रस्त्यापलीकडच्या भिंतीवर मात्र तरस वैद्यानं हातभर अक्षरांत जाहिरात रंगवली होती. पहिली ओळ, गुप्तरोग. दुसरी, गरमी. तिसरी, परमा. खाली पत्ता, याच भिंतीमागं. सबंध भिंतीवर एकही 'ते' नव्हतं.

तरस हसला आणि त्यानं बाटलीभर काळं पाणी दिलं. "कुणाला सांगू नकोस हं."

शौर्यनं कुणाला सांगितलं नाही. जिच्याबरोबर 'ते' केलं होतं, तिलाही नाही.

दोन महिने गेले. एके दुपारी गवेसाहेब शिंगांवर उपरणं घेऊन दवाखान्यात शिरले.

"सिस्टर, आमच्या नातीला... ते झालंय."

"काय, साहेब?"

"ते हो!"

"कुठं?"

"तिथं!"

सिस्टर थट्टा करत नव्हती. "तिला घेऊन या, साहेब. पण होतंय काय, ते तरी सांगा. 'ते'वर अजून औषध निघालेलं नाही."

गवेसाहेबांनी तोंड उघडलं. साठ वर्षांत तो शब्द कधी उच्चारला नव्हता. जीभ वळेना. शेवटी ते सिस्टरला दारात घेऊन आले आणि शिंगानं समोरची भिंत दाखवली.

"तिसरी ओळ," ते पुटपुटले.

सिस्टरनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीखाली पोरांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. सगळ्यांत पुढं शौर्य. नुसती हाडं राहिली होती त्याची.

ती साहेबांना विसरली. पंख पसरून रस्त्यापलीकडं ओरडली, "अरे शौर्य! तिकडं म्हणजे इकडं रे बाळा! या दवाखान्यात!"

शौर्य दचकला. मग बाटली टाकून धावत सुटला. त्याच्यामागं अख्खी रांग आली. शेवटची पोरगी ओढणीत शिंगं झाकून होती. गवेसाहेबांनी मान फिरवली.

पोरं बरी झाली. मग संस्थेच्या समितीची बैठक बसली. भर रस्त्यात ओरडल्याबद्दल सिस्टरला लेखी समज मिळाली. विद्यालयाची बदनामी करणारी भिंत पांढरीशुभ्र करून घेण्यात आली. तरसाला पुढच्या चौकात भिंत मिळाली. ती पहिलीपेक्षा मोठी होती.

तात्पर्य : मुलांनो, शाळेत नीट लक्ष द्यावं आणि भिंतीवरचं वाचू नये. वाचलंच, तर तिसरी ओळ आजोबांना सांगायला जाऊ नये. त्यांना ती पाठ असते.