खांबाआडची मॅच

"निकाल माझ्या कानावर पडायची बिशाद आहे का! घरी जाणार, बूट काढणार, कॉफीचा कप हातात घेणार आणि पहिल्या मिनिटापासून मॅच बघणार. तोपर्यंत साक्षात देवदूत जरी निकाल सांगायला आला ना, तरी त्याला म्हणेन, बाबा रे, दाराबाहेर थांब!"

असं म्हणून व्हर्लिन स्टकीने नोरीनच्या हॉटेलातल्या टेबलावर मूठ आपटली आणि लगेच आपलाच गाल धरला. त्याची खालची दाढ गेले तीन आठवडे ठणकत होती. मूठ टेबलावर आपटली की कळ दाढेत निघायची!

समोर डेलमर कोएन पॅनकेक खात होता. हा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे व्हर्लिनला वेगळ्या शत्रूची गरज नव्हती.

"अरे, गावात डॉक्टर क्रेबील असताना तू दात दाखवायला चाळीस मैल जातोस," डेलमर म्हणाला. "बर्फ पडलाय म्हणून तीन आठवडे गाल धरून बसलायस. जा की गुपचूप!"

"त्या माणसापुढे मी तोंड उघडणार नाही!"

"दाढ दाखवायची तर उघडावंच लागेल."

"एकाहत्तर सालच्या बास्केटबॉल मॅचला तो रेफरी होता, विसरलास? शेवटच्या सेकंदाला आपला चेंडू बास्केटात पडला आणि त्यानंतर याने शिट्टी फुंकली, तरी गुण दिले नाहीत! सरळसरळ दरोडा! आर्डिसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि तू?"

"मी खांबाआड होतो," व्हर्लिन जरा हळू म्हणाला.

हा खांब म्हणजे व्हर्लिनच्या आयुष्याचा आधार. कॉलेजच्या जुन्या स्टेडियममध्ये पूर्वेकडच्या बाकांवर, बाराव्या रांगेत, मधोमध तो उभा होता. व्हर्लिन आणि आर्डिस यांचं बासष्ट साली लग्न झालं, तेव्हा सगळ्या चांगल्या जागा लोकांनी धरून ठेवल्या होत्या. उरल्या होत्या दोन, खांबाच्या अल्याड एक आणि पल्याड एक. व्हर्लिनला दक्षिणेची बास्केट लख्ख दिसायची, उत्तरेची अजिबात नाही. चेंडू उत्तरेकडे गेला की तो खांबाला कान लावायचा आणि ओरडायचा, "आर्डिस, काय झालं?" आणि मांडीवर लोकरीची पिशवी घेऊन पल्याड बसलेली आर्डिस सांगायची. काय सांगायची! कोण कुठून धावला, कोणी कोणाला कोपर मारलं, चेंडू कडेवर कसा तीनदा फिरला! एकतीस वर्षं व्हर्लिनने अर्धी मॅच डोळ्यांनी पाहिली आणि अर्धी बायकोच्या तोंडून. खरं सांगायचं तर त्याला दुसरी अर्धीच जास्त आवडायची.

कारण घरी त्यांचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "कुत्र्याला आत घे". शेतीची यंत्रं दुरुस्त करून हा माणूस संध्याकाळी घरी यायचा तो थकून, आणि तीही जन्माची अबोल. पण खांब मध्ये आला की बाईच्या जिभेवर सरस्वती!

आता कॉलेजने नवा आराखडा काढला होता. नवं छप्पर, गादीच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला पेला ठेवायची जागा, आणि खांब जमीनदोस्त. सभा होती त्याच शनिवारी संध्याकाळी सात वाजता. त्या बाजूच्या निम्म्या जुन्या प्रेक्षकांनी होकार दिला की खांब गेलाच म्हणून समजा. समितीचा अध्यक्ष कोण? तर डॉक्टर क्रेबील! आणि नेमकी सातलाच आपल्या पोरांची प्लम क्रीकला जाऊन मॅच! गावचं चॅनेल ती दाखवणार होतं. तेव्हा बेत असा ठरला की आर्डिस मॅच टेप करणार, व्हर्लिन भाषण ठोकून खांब वाचवणार आणि निकाल न कळता घरी येऊन मॅच बघणार.

"लेका, आपण जिंकलो की कॉलेजची घंटा वाजवतात," डेलमर म्हणाला. "तीन मैलांवरच्या गाई दचकतात. तेव्हा तुझे कान कुठे ठेवणार?"

व्हर्लिनने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. आतून बाहेर आली कारखान्यात घालायची कानांवरची जाड झाकणं, एकेक पावाएवढं!

"ही घातली की शेजारी मळणीयंत्र सुरू केलं तरी मला अंगाईसारखं वाटतं."

"मग सभेत काय बोलतात ते कसं ऐकणार?"

"मला ऐकायचंय कुठे? मला बोलायचंय!"

डेलमरने पैज लावली. व्हर्लिन निकाल न कळता घरी पोचला तर डेलमर नोरीनच्या हॉटेलातला अख्खा चेरी पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेली जाडजूड गोड पोळी, देणार, नाहीतर व्हर्लिन देणार.

पावणेसातला व्हर्लिन सभेच्या हॉलमध्ये शिरला तो कानांवर झाकणं आणि भुवयांवर टोपी अशा थाटात. डेलमर मागच्या रांगेत एका कानात रेडिओची तार घालून बसला होता. त्याचा चेहरा दिसला तरी गुण कळायचे, म्हणून व्हर्लिनने सगळ्यात पुढची रांग धरली. शेजारी हुल्डा गोअरिंगबाई होत्या, वय वर्षं चौऱ्याऐंशी. व्हर्लिनने त्यांना एक चिठ्ठी दिली. 'माझं नाव पुकारलं की माझा दंड धरा.' बाईंनी चष्मा शोधला, तो सापडला नाही, म्हणून त्यांनी चिठ्ठी प्रेमाने पर्समध्ये ठेवली आणि मान डोलावली.

झालं! व्हर्लिनने डोळे मिटले आणि खिशातलं चौदा मुद्द्यांचं भाषण मनात घोळवायला सुरुवात केली. मुद्दा पहिला, खांब हा इतिहास आहे. मुद्दा दुसरा, खांब हटवला तर छप्पर रुसेल. खरा मुद्दा चौदावा होता, पण तो चारचौघांत कसा सांगायचा हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

एक तास गेला. दीड तास गेला. दाढ ठणकत होती आणि झाकणांच्या आत फक्त तिचंच भाषण चालू होतं.

आणि अचानक त्याचा दंड कोणीतरी घट्ट धरला!

व्हर्लिन ताडकन उठला. छाती पुढे, हनुवटी वर, खिशात हात. डोळे उघडून बघतो तर मंचावर डॉक्टर क्रेबील तोंड उघडं टाकून त्याच्याकडे पाहत होते. दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचंच तोंड उघडं! व्हर्लिनला ते फार आवडलं. शेजारी हुल्डाबाईही उभ्या होत्या. 'म्हातारी माझ्या बाजूने उभी राहिली!' त्याचा ऊर भरून आला.

त्याने मागे वळून पाहिलं. दोघे उठले. मग पाच उठले. मग एकमेकांकडे बघत, माना हलवत, अख्ख्या रांगाच्या रांगा उठल्या! काहीजण त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. एक बाई डोळे टिपत होती. फक्त डेलमर बसला होता आणि दोन्ही हातांनी 'खाली बस, खाली बस' करत होता. 'जळतोय,' व्हर्लिनने ओळखलं. 'चेरी पाय जातोय ना!'

भाषणाची गरजच उरली नाही. डॉक्टर क्रेबीलनी लाकडी हातोडी आपटली, मंचावरून खाली आले आणि व्हर्लिनचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. हरलेल्या माणसाने इतकं दिलदार असावं! व्हर्लिनने बावीस वर्षांनी त्यांचा हात दाबला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे डॉक्टर. व्हायचं ते चांगल्यासाठीच होतं."

झाकणांमुळे त्याचा आवाज केवढा निघाला ते त्याला कळलं नाही. हॉलच्या काचा मात्र हादरल्या.

तो कोणाशी न बोलता गाडीत बसला, रेडिओकडे बघितलंसुद्धा नाही, आणि नऊच्या सुमाराला विजयी वीरासारखा घरी पोचला. झाकणं काढायच्या आधी त्याने आर्डिसकडे बोट रोखलं.

"एक शब्द बोलू नकोस! टेप केलीस ना?"

आर्डिसने मान डोलावली. स्वयंपाकघरात कोबी-खिम्याचे पाव भाजल्याचा वास सुटला होता. त्याने झाकणं काढली, बूट काढले, कप घेतला, बटण दाबलं.

चार मिनिटं मॅच झकास चालली. मग पडद्यावर गावच्या चॅनेलची निवेदिका आली आणि गोड हसून म्हणाली, "आता आपण स्टेडियमच्या महत्त्वाच्या सभेकडे थेट जाऊ या."

"अगं थांब! कुठे निघालीस?" व्हर्लिन पडद्यावर ओरडला.

ती गेलीच. पुढे अख्ख्या टेपवर सभाच होती. व्हर्लिनने टेप पुढे पळवली. पहिल्या रांगेत एक इसम टोपी ओढून, कानांवर दोन पाव बांधल्यासारखा बसला होता. आपण झोपल्यावर असे दिसतो हे त्याला आज कळलं. मग डॉक्टर क्रेबील माइकजवळ आले, तशी त्याने टेप नीट चालू केली.

"विरोधात बोलायला व्हर्लिन स्टकी यांचं नाव आम्ही तीनदा पुकारलं. ते उठत नाहीत, तेव्हा आता मत घेऊ. ज्यांना खांब काढायला हवाय, त्यांनी कृपया उभं राहावं."

हुल्डाबाईंना उभं राहायचं होतं. गादीची खुर्ची त्यांना फार दिवसांपासून हवी होती. पण गुडघे साथ देईनात, म्हणून त्यांनी आधाराला शेजाऱ्याचा दंड धरला. आणि शेजारी ताडकन उठला!

"व्हर्लिन? तूसुद्धा?" पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "खांबवालाच म्हणतोय तर आपलं काय जातं?" आणि लोक भराभर उठायला लागले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. व्हर्लिनने तर अख्खा देह दाखवला होता!

त्याने टीव्ही बंद केला.

"एवढं काय त्या खांबाचं?" आर्डिस म्हणाली. "आता दोन्ही बास्केटी दिसतील की तुला."

"तेच तर!" व्हर्लिनचा आवाज चिरकला. "मला दिसायला लागलं तर तू कशाला सांगशील? आठवडाभर मी त्याचीच वाट बघतो गं. मॅचची नाही. तुझ्या सांगण्याची."

चौदावा मुद्दा असा निघून गेला. एकतीस वर्षांत तो तिच्याशी एवढं एका दमात कधी बोलला नव्हता. आर्डिसने हातातला पाव ताटलीत ठेवला. मग लोकरीची पिशवी उचलली, आपली खुर्ची ओढत नेली आणि फ्रिजच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

"अरे, मी स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकली ना सगळी मॅच," फ्रिजमागून आवाज आला. "इकडे सरक. सांगते."

व्हर्लिनने आपली खुर्ची अलीकडे लावली आणि फ्रिजला कान टेकला. आणि बाईने सांगितली! पोरं आधी कशी ढेपाळली, मग आपला तो लांब हाताचा डावखुरा कसा पेटला, प्लम क्रीकच्या प्रशिक्षकाने रागाने जाकीट कसं फेकलं! आठ सेकंद उरले होते आणि आपण दोन गुणांनी मागे होतो. डावखुऱ्याने अर्ध्या मैदानातून चेंडू भिरकावला. चेंडू कडेवर एकदा फिरला, दोनदा फिरला…

"आणि? आर्डिस, काय झालं?"

"आत!"

व्हर्लिनने मारलेल्या उडीने कुत्रा कोचाखाली गेला. खांब, सभा, दाढ, सगळं विसरून त्याने फोन उचलला.

"डेलमर! घरी पोचेपर्यंत निकाल कळला नाही मला! चेरी पाय काढ! आणि काय जिंकलो रे, एका गुणाने!"

"व्हर्लिन, झाकणं अजून डोक्याला घट्ट बसलीत का तुझ्या? एकोणीस गुणांनी आपटलो आपण! डावखुरा पाय मुरगळून पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर बसला. घंटा वाजली का सांग बरं?"

व्हर्लिनने फोन हळूच खाली ठेवला.

"आर्डिस, रेडिओ लावला होतास ना?"

"त्याच्या बॅटऱ्या नाताळातच संपल्यात," फ्रिजमागून उत्तर आलं. "पण घंटा वाजली नाही, तेव्हाच मी ओळखलं की हरलो. तुझं तोंड बघवेना रे मला. म्हणून म्हटलं, जिंकू दे पोरांना."

व्हर्लिनच्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजाडायला लागलं. एकतीस वर्षं. उत्तरेची बास्केट. मांडीवरची लोकरीची पिशवी.

"तू तिथे बसून मॅच बघायचीस ना गं?"

"बघायचे की. लोक ओरडले की मान वर करायचे. एरवी विणायचे. तुझे स्वेटर काय आपोआप झाले?"

"आणि एकाहत्तर साल? शिट्टीच्या आधी चेंडू आत पडला होता, ते?"

फ्रिजमागे सुया भराभर वाजायला लागल्या.

"तेव्हा ना," आर्डिस म्हणाली, "माझा टाका सुटला होता."

व्हर्लिन फ्रिजला टेकून बसला. रागवावं असं त्याच्या मनात आलं, पण हसूच फुटायला लागलं आणि हसलं की दाढेत कळ यायला लागली. शेवटी त्याने गाल धरला, कान पुन्हा फ्रिजला लावला आणि म्हणाला, "शेवटचे आठ सेकंद परत एकदा सांग बघू."

तिने सांगितले. या वेळी चेंडू कडेवर चारदा फिरला.

सोमवारी सकाळी व्हर्लिनने डॉक्टर क्रेबीलच्या दवाखान्यात फोन करून दुपारची वेळ घेतली.